इनचार्ज झालेय पण लेटर नाही: वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

या वेळी आलेली पत्रं बडोद्याचीच जास्त आहेत आणि जवळजवळ सगळी नोकरीची, कोणी नुकतं लागलंय, कोणाला वर चढवलंय. मी बडोद्यातच कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये नोकरी केली, त्यामुळे ही पत्रं वाचताना माणसं डोळ्यासमोर येतात. पहिलं पत्र मोठं आहे, ते मुद्दाम जवळजवळ पूर्ण देतेय. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न (मांजलपूर): काकू, मी २४ वर्षांची आहे. इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत लागले, आधी वायरिंगला होते मग क्वालिटीत चेकिंगला घेतलं. दोन वर्षं पण झाली नव्हती आणि दिवाळीनंतर सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आजपासून क्वालिटी आणि टेस्टिंगची इनचार्ज ही. घरी सगळे इतके खूश, आजीने बिल्डिंगभर पेढे वाटले. पण काकू मला आता रोज रडायला येतंय. ज्या भाईंनी मला वायरला नंबराची फेरूल घालण्यापासून तिच्या टोकाला लग दाबून बसवण्यापर्यंत (क्रिम्प) सगळं शिकवलं, त्यांना इथे १८ वर्षं झालीत, ते आता धड बोलत नाहीत. चूक दाखवली की म्हणतात, ‘तमे कहो ए साचुं बेन, तमे तो हवे साहेब’, म्हणजे तुम्ही म्हणाल ते खरं ताई, तुम्ही तर आता साहेब. बाकीची मुलं पण बघून बघून तसंच करतात. मग मीच सगळे पॅनेल परत चेक करते, बोल्ट नीट आवळल्याची खूण म्हणजे टॉर्क मार्किंग पण स्वतः करते, रात्रीचे नऊ वाजतात, महिनाअखेरीला डिस्पॅच असला की विचारूच नका. पगार तोच आहे. वर ओव्हरटाइम मिळायचा तो बंद झाला कारण इनचार्जला ओटी नसतो म्हणे. लेटर मागितलं तर सर म्हणाले तीन महिने बघू. आई म्हणते सोड आणि परत चेकिंगला जा, कशाला डोक्याला ताप. काय करू?

उत्तर: अगं, परत जायचं का नाही ते आत्ता ठरवूच नकोस, कारण तुला नक्की काय दिलंय हेच अजून कोणी सांगितलेलं नाही. तुझ्या पत्रात पगार-लेटरचा त्रास आणि माणसांचा त्रास एकमेकांत गुंतलेत. मी आधी लेटरचं घेते कारण ते लवकर सुटू शकतं.

सरांकडे पंधरा मिनिटं माग, येता जाता फ्लोरवर नको, केबिनमध्ये बसून. ‘लेटर द्या’ एवढंच म्हणालीस तर परत तीन महिन्यांवर जाईल. म्हणून असं विचार की सर, तीन महिन्यांनी तुम्ही नक्की काय बघणार आहात? रिजेक्शन किती खाली यायला हवं, कस्टमर इन्स्पेक्शनला किती पॉइंट निघालेले चालतील, डिस्पॅच वेळेवर जाणं माझ्याकडे धरणार का प्रॉडक्शनकडे? माझ्या हाताखाली नावानिशी कोण कोण आहे, सुट्टी मी मंजूर करायची का तुम्ही? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेस्टिंगला पॅनेल नापास झालं तर ते थांबवायचा अधिकार मला आहे का? हा शेवटचा प्रश्न गिळू नकोस. क्वालिटीच्या इनचार्जला नापास पॅनेल थांबवता येत नसेल तर बाकी कशालाच अर्थ नाही, साइटवर काही जळलं की मात्र सही तुझी निघेल.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी छोटासा मेल टाक, सर आज आपण बोललो त्याप्रमाणे हे हे ठरलं, काही राहिलं असेल तर सांगा. चार ओळी पुरतात. तक्रारीचा सूर नको, पण तारीख असू दे. लेटर येईपर्यंत तुझ्याकडे तेवढाच लेखी पुरावा असेल.

आता पगार. मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा काढ आणि ओटीचे सरासरी किती मिळत होते ते बघ. कारखान्यात कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो आणि सुपरवायझर बहुतेक करून त्यातून बाहेर असतात, त्यामुळे पगार तोच ठेवून इनचार्ज केलं म्हणजे हातात येणारे पैसे चक्क कमी झाले. हे सरांच्या लक्षातही आलं नसेल, मोठ्या मालकांच्या डोक्यात एवढ्या छोट्या आकड्यांचा हिशोब नसतो, म्हणून स्लिपा समोर ठेव आणि शांतपणे सांग की सर, पद वाढलं आणि घरी दर महिन्याला इतके कमी जातायत. अजून एक लक्षात ठेव, नुसतं नाव बदलल्याने कोणी सुपरवायझर होत नाही, वाद झालाच तर माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघितलं जातं. तू दिवसभर हातात पाना आणि मार्कर घेऊन फिरतेयस, तर इनचार्जचं काम अजून तुझ्याकडे आलेलंच नाही. उशिरापर्यंत थांबावं लागणार असेल तर घरी सोडायच्या गाडीचंही त्याच बैठकीत बोलून घे, एकट्या मुलीने रात्री नऊनंतर जीआयडीसीतून स्कूटीवर यायचं हे मला अजिबात पटत नाही.

आणि हे सगळं आत्ताच विचार, पुढे ढकलू नकोस. नव्या जागेवरचे पहिले दोन-तीन महिने विचारायचे असतात. आत्ता ‘सर हे माझ्या हातात आहे का’ म्हणालीस तर मुलगी काम समजून घेतेय असं दिसतं, वर्षभराने तेच विचारलंस तर एवढे दिवस काय करत होतीस म्हणतील. मी कितीतरी हुशार मुलं बघितली, विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल म्हणून गप्प बसायची आणि अंदाजाने कामं ओढायची, आणि त्यातच दमून जायची.

आता भाई. १८ वर्षं एका जागी काम केलेल्या माणसासमोर, स्वतः शिकवलेल्या मुलीचं नाव, तेही सगळ्यांच्या देखत आणि आधी काही न सांगता जाहीर केलं. त्यांना लागलंय आणि ते लागणारच. तुझा यात काही दोष नाही पण त्यांचं दुखणं खरं आहे हे धरून चाल. त्यांना एकट्याला भेट, चहाच्या सुट्टीत, मुलांसमोर नको. इनचार्ज झाल्याबद्दल माफी मागू नकोस आणि काही झालंच नाही असंही दाखवू नकोस. सरळ सांग की भाई, मला हे तुमच्यामुळे येतं, आता मला सांगा की साइटवरून परत येणाऱ्या तक्रारी जास्त कशाच्या असतात, आणि महिनाअखेरीला घाईत आपली मुलं कुठली स्टेप गाळतात? या दोन प्रश्नांची उत्तरं तुझ्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये नाहीत, ती त्यांच्याकडेच आहेत. उत्तर दिलं तर त्यांच्यासमोर वहीत लिहून घे आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं एक तरी अमलात आण, भाईंनी सुचवलं म्हणून सांगून आण.

त्यांना काहीतरी खरं दे. नवीन मुलांना वायरिंग शिकवायचं काम अधिकृतपणे त्यांच्या नावावर कर, कोणता मुलगा स्वतंत्र पॅनेल घ्यायला तयार आहे हे त्यांनी ठरवायचं, आणि त्याबद्दल त्यांना काही अलाउन्स मिळावा म्हणून सरांना तू स्वतः लिही. मिळेल का नाही माहीत नाही, पण तू लिहिलंस हे त्यांना कळेल. तोंडदेखला मान देऊ नकोस, या वयाच्या माणसांना ते लगेच समजतं आणि मग ते जास्त दुरावतात.

चूक दाखवताना बोट ड्रॉइंगवर ठेव. ‘भाई, ड्रॉइंगला ही वायर १२ नंबरच्या टर्मिनलला आहे, इथे १३ला गेलीय, बघता का जरा’ असं. हेल्पर पोरांसमोर तर कधीच नको. एवढं करूनही टोमणे चालूच राहिले तर एकदा स्पष्ट बोल, दुसऱ्यांदा सरांना मध्ये घे. बसबारचा, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्टीचा जॉइंट सैल राहिला की तिथे गरम होतं, गरम होऊन होऊन एक दिवस जळतं, आणि तिथे समोर कोणीतरी ऑपरेटर उभा असतो. भाईंचा मान राखायचा म्हणून सैल बोल्ट पास करायचा नाही, हे मात्र भाईंना तुझ्याइतकंच कळतं, तुला शिकवलंय त्यांनीच.

आणि ते सगळं स्वतः परत चेक करणं थांबव. ज्याने बोल्ट आवळला त्यानेच मार्किंग करायचं आणि त्यानेच सही करायची. तू बसबार जॉइंट, अर्थिंग आणि मेगर (इन्सुलेशनची तपासणी), हाय व्होल्टेज टेस्ट शंभर टक्के बघ, बाकी वायरिंगमध्ये ज्यांचा हात चांगला आहे त्यांचं सॅम्पलने बघ, नवीन मुलांचं पूर्ण बघ. आत्ता सगळं चेकिंग शेवटी होतंय म्हणून रात्र होतेय, ते मधे आण, वायरिंग झाल्यावर ट्रंकिंगची (वायरी ज्यातून नेतात त्या पट्ट्यांची) झाकणं लावायच्या आधी एकदा बघितलं तर अर्ध्या चुका तिथेच सापडतात आणि उलगडायला पाच मिनिटं लागतात. महिन्याच्या २० तारखेलाच प्लॅनिंगवाल्यांबरोबर बस, अखेरीला किती पॅनेल टेस्टिंगला येणार ते विचार, ३० तारखेला एकदम आठ आले तर तू काय कोणीच नीट बघू शकणार नाही. सहा वाजता तू घरी गेलीस आणि तरी पॅनेल बरोबर गेलं, तर तू इनचार्जचं काम केलंस.

आईला सांग तीन महिने दे. तेवढ्यात लेटर आणि पैसे आले नाहीत तर मग चेकिंगला परत जायचं का दुसरीकडे बघायचं ते ठरव. पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरचं काम बडोद्याच्या आसपास भरपूर आहे, पोर, वाघोडिया, सावली या गावांकडे सगळीकडे. पण दुसरीकडे गेल्यावर इनचार्ज होते असं तोंडी सांगून कोणी मानत नाही, म्हणून परत सांगते, तो मेल आजच लिहायला घे.

प्रश्न (वाघोडिया रोड): मी मूळचा धुळ्याचा, बीई मेकॅनिकल, नोकरीसाठी बडोद्याला आलो. मुलाखतीत डिझाइनला घेऊ म्हणाले आणि आल्यावर स्टोअर्सला बसवलं. जेवायला सगळे गुजरातीत बोलतात, हसतात, मला अर्धं कळत नाही. वाटतं परत जावं.

उत्तर: अरे, आपल्या दांडिया बाजारात श्री अरविंदांचं घर आहे, एकदा बघून ये. १८९३ मध्ये ते इंग्लंडहून बडोदा संस्थानात नोकरीला आले तेव्हा वय २० वर्षं, लहानपणापासून तिकडेच शिकलेले, ग्रीक-लॅटिनचे विद्वान, आणि त्यांना पहिल्यांदा बसवलं कुठे तर जमिनीच्या सेटलमेंट खात्यात. मग आणखी खाती झाली आणि नंतर बडोदा कॉलेजात शिकवायला गेले. मराठी, गुजराती इथेच शिकले. हे एवढ्यासाठी सांगतेय की पहिलं टेबल चुकीचं मिळणं ही काही तुझ्या लायकीवरची खूण नाही.

पण म्हणून गप्प बसून राहायचं असंही नाही. एचआरला आत्ताच विचार, मला डिझाइनसाठी घेतलं होतं, सहा महिन्यांत तिकडे जायचं तर काय लागेल, कोणतं सॉफ्टवेअर, कोणाची शिफारस? मुलाखतीनंतरचा मेल किंवा ऑफर लेटरमध्ये पद काय लिहिलंय ते काढून बघ. डिझाइनच्या हेडला पण एकदा भेट आणि सांग की संध्याकाळचा तासभर काही छोटं ड्रॉइंग असेल तर करीन.

तोपर्यंत स्टोअर्स नीट शिक, मनापासून सांगतेय. कुठला बोल्ट कायम कमी पडतो, कुठला पार्ट वर्षभर पडून आहे कारण डिझाइनवाल्याने जगावेगळी साइज टाकली होती, कुठल्या मालाला सहा आठवडे लागतात, हे ड्रॉइंग बोर्डावर बसलेल्या माणसाला कधी दिसत नाही. बिन कार्ड (मालाच्या आवक-जावकीची नोंद) आणि बीओएम (एका वस्तूला लागणाऱ्या पार्टची यादी) समोरासमोर ठेवून बघायची सवय लाव, तिकडे गेल्यावर याचा खूप उपयोग होईल.

जेवणाच्या टेबलावरून उठू नकोस. न कळलेलं विचार, ‘एटले शुं’ (म्हणजे काय) म्हटलं की लोक आनंदाने सांगतात. गुजराती लिपी आपल्या देवनागरीला इतकी जवळची आहे की वरची रेघ नसण्याची एकदा सवय झाली की थोड्या दिवसांत वाचता येते, स्टोअर्सला चलानं गुजरातीत येत असतील तर पहिल्या महिन्यातच फायदा. शनिवारी कोणी सेव उसळ खायला चाललं की सोबत जा. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात, घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलतात, तुला परकं कोणी ठेवत नाही, थोडं तुलाच पुढे व्हावं लागेल.

प्रश्न (गोत्री): काकू, पॅकिंग सेक्शनला आहे. पगार १९,५०० होता, जूनपासून सीनियर केलं आणि २३,००० झाला. आता एचआर म्हणतो या महिन्यापासून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बंद. आईच्या शुगर-बीपीची औषधं आणि तपासण्या सगळ्या त्याच कार्डावर आहेत. प्रमोशन नको म्हणून सांगू का?

उत्तर: अजिबात नको. आणि एचआरला परत विचार, कारण असं लगेच बंद होत नाही. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० आहे हे खरं, पण योगदानाचे दोन काळ असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काळ सुरू होताना तू मर्यादेत होतास, मधेच पगार वाढला, तर तो काळ संपेपर्यंत तू ईएसआयमध्येच राहतोस. म्हणजे सप्टेंबरपर्यंत तुझ्या पगारातून ०.७५ टक्के कापले गेले पाहिजेत आणि कंपनीने तिचे ३.२५ टक्के भरले पाहिजेत, तेही नव्या पूर्ण पगारावर. तुझे जेमतेम १७३ रुपये होतात.

पुढचं अजून महत्त्वाचं आहे, एप्रिल ते सप्टेंबरच्या योगदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. त्यामुळे कंपनीने आत्ता जूनमध्येच कापणं थांबवलं तर तुझंच नुकसान आहे, उगीच गप्प बसू नकोस. एचआरला लेखी विचार की माझं योगदान सप्टेंबरपर्यंत चालू राहील ना, आणि ईएसआयच्या ऑफिसात जाऊन तुझ्या नंबरवर काय दिसतंय ते स्वतः बघून ये. भरणा नीट चालू राहिला तर पुढच्या जूनपर्यंत हातात वेळ आहे.

तो वेळ वाया घालवू नकोस. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम आहे का आणि त्यात आई-वडील घेता येतात का हे याच आठवड्यात विचार, ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. स्वतः पॉलिसी घ्यावी लागली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती लवकरात लवकर सुरू झालेली बरी. फॉर्ममध्ये आईची शुगर आणि बीपी स्पष्ट लिही, एजंट म्हणाला नका लिहू तरी लिही, लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच पुढे करतात. आणि वाढलेल्या साडेतीन हजारांतला काही भाग प्रीमियमला जाणार हे धरूनच घरखर्च आख.

प्रश्न (कारेलीबाग): ताई, मुलगा २२ वर्षांचा, पहिली नोकरी, चार महिन्यांत सोडतो म्हणतोय. मी त्याच्या साहेबांशी एकदा फोनवर बोलू का?

उत्तर: फोन करू नका दादा. तुमची काळजी समजते, पण वडिलांचा फोन आला की त्या मुलाकडे बघायची सगळ्यांची नजर बदलते आणि त्याला पुढे तिथे राहणं अजून अवघड होतं. त्यालाच विचारा, काम नको झालंय, माणसं नको झालीत का कोणी काही वाईट वागतंय? शेवटचं असेल तर लगेच सोडू दे, घरी बसून दुसरी शोधेल. काम समजत नाहीये म्हणून असेल तर त्याने कोणाला विचारलंय का ते बघा, चार महिन्यांत सगळं यायला पाहिजे असं मुलांना उगाच वाटत असतं.

सोडायचंच ठरलं तर अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीस पीरियड आणि काही बॉन्ड आहे का ते तुम्ही दोघांनी बसून वाचा. न सांगता जाणं बंद करू नये, राजीनामा मेलवर द्यावा आणि रिलीव्हिंग लेटर घेऊनच बाहेर पडावं. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खातेदाराचा नंबर) तोच पुढच्या कंपनीत द्यायला सांगा, नवीन काढू नये, आणि चार महिन्यांचे थोडेसे पैसे आहेत म्हणून काढूनही घेऊ नये, ट्रान्सफर केले की नोकरीची वर्षं जोडली जातात, पाच वर्षांच्या आत काढले तर त्यावर टॅक्स लागू शकतो आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात. या वर्षातला जुना पगार आणि कापलेला टॅक्स नव्या कंपनीला आठवणीने कळवायला सांगा, नाहीतर रिटर्न भरताना एकदम भरावा लागतो.